अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ‘जमीनदारा’चं जुनं तैलचित्र घेताय? या चुका टाळा

काळा कोट, पांढरा गळपट्टा, मागे गडद तपकिरी रंग आणि खाली चिठ्ठी: ‘दक्षिणेतला प्लांटर, १८४०’, म्हणजे गुलामांकडून शेती करून घेणारा मळेमालक. अमेरिकेतल्या इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे, असं चित्र दिसलं की पहिली चूक तिथेच होते. लोक चिठ्ठीवर विश्वास ठेवतात. असा कोट उत्तरेतल्या बॉस्टनचा व्यापारीही घालायचा. तेव्हा आधी पुरावा मागा: मृत्युपत्र, घराण्याची कागदपत्रं, जुनी पावती. नाव हाती लागलं तर १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्या बघा. त्यात मालकाचं नाव असतं. गुलामांचं बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्या कोटाचा पैसा कुठून आला हे अशा ठिकाणी कळतं, आणि चित्राच्या माहितीत ते लिहायलाच हवं.

सहीला भुलू नका. भिंगातून बघा. सहीचा रंग चित्राच्या जुन्या रंगाला पडलेल्या भेगांमध्ये उतरलेला असेल तर ती भेगा पडल्यानंतर केलेली आहे.

चित्र उलटं करूनही बघा. स्टेपलच्या पिना दिसल्या म्हणजे चित्र नकली असं नव्हे. कॅनव्हास नंतर पुन्हा ताणलेला असू शकतो. मागचे शिक्के, चिठ्ठ्या खरवडू नका, फोटो काढून ठेवा. कॅनव्हास ढिला वाटला तरी मागच्या चौकटीच्या कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी ठोकायला हातोडी घेऊ नका. जुना रंग ठिसूळ असतो, धक्क्याने पोपडे सुटतात.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र घरच्या साफसफाईने होतं. बटाट्याची फोड, ब्रेड, साबणाचं पाणी, जवसाचं तेल, सगळं वर्ज्य. रंगाखाली सरसाचा थर असतो. पाणी मुरलं की कापड आकसतं आणि रंग उचलला जातो. तेलाने चार दिवस तकाकी येते, पुढे त्याचा पिवळट, चिवट थर बसतो. तो काढताना मूळ रंगही निघण्याची भीती असते.

आणि गडद पार्श्वभूमी मूळचीच आहे असं धरून चालू नका. न्यू ऑर्लिन्समधल्या एका व्यापाऱ्याच्या तीन मुलांचं, चित्रकार जाक आमान्स यांचं मानलं जाणारं १८३७ च्या सुमाराचं चित्र घ्या. मुलांच्या मागे उभा असलेला बेलिझेअर हा गुलाम मुलगा १९०० च्या सुमारास चक्क रंगाने झाकून टाकला होता. जाणकारांनी तो थर काढला तेव्हा मुलगा पुन्हा दिसला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते चित्र घेतलं. म्हणून आधी संवर्धकाकडून, म्हणजे जुनी चित्रं जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडून, अतिनील दिव्याखाली तपासणी करून घ्या. जुनं राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं, त्यावरची नंतरची रंगरंगोटी काळपट दिसते. वॉर्निशच्या खाली दडलेलं काही असेल तर इन्फ्रारेड किंवा एक्स-रेच लागतो.

चित्र घरातल्या शेकोटीच्या (फायरप्लेसच्या) वर टांगू नका. पोपडे आधीच सुटत असतील तर चित्र उतरवा, रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा आणि पडलेले तुकडे पाकिटात जपून ठेवा. संवर्धकाला ते परत बसवता येतात.