‘रिअल रॉक’चा ठेका कसा बसवावा

जमैकातील किंग्स्टनच्या ‘स्टुडिओ वन’ या ध्वनिमुद्रण स्टुडिओत साउंड डायमेन्शन या वाद्यवृंदाने १९६७ च्या सुमारास वाजवलेली ‘रिअल रॉक’ ही रेगे परंपरेतील धून शिकायची असेल, तर गिटार बाजूला ठेवून आधी बेस गिटारची खालच्या स्वरांतली ओळ ऐकावी. पुढे या धुनेवर नवी गाणी गाणारे गायक बदलत गेले, तरी तिची ओळख बेसनेच टिकवली. ती ओळ गुणगुणता येऊ लागली की पायाने संथ चार मात्रा धराव्यात आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक आघात द्यावा. तारा छेडताच डाव्या हाताची पकड सैल करावी, म्हणजे स्वर रेंगाळत नाही. ड्रमचा मुख्य ठोका तिसऱ्या मात्रेवर ठेवून पहिली मोकळी सोडावी. समेवर जोर देण्याची सवय मुरलेल्या तबलजीला नेमके हेच जड जाते. लय वाढवण्याचा मोह टाळावा.

बेसच्या दोन वाक्यांमध्ये उरणारी मोकळी जागा भरू नये, कारण नव्या गायकाला शिरकाव तेथूनच मिळतो. गायक विली विल्यम्स यांनी याच धुनेवर ‘आर्मगिडियन टाइम’ गायले आणि लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक बँडने १९७९ मध्ये ते पुन्हा वाजवले. ठेका स्थिरावल्यावर ही दोन्ही रूपे लागोपाठ ऐकून त्यांच्यासोबत केवळ बेस वाजवून पाहावा.