वॉटर फ्लॉसर घेताना: कॉर्डलेस की टाकीवाला?

दातांत अडकण्याच्या बाबतीत रायवळ आंब्याच्या दोऱ्यांचा हात कुणी धरू शकत नाही. त्याखालोखाल सुपारी. काडीने कोरत बसलं की हिरडी दुखावते. तिथे वॉटर फ्लॉसर कामाला येतो: पाण्याची बारीक धार झटक्याझटक्याने सोडून दातांमधल्या फटी धुणारं यंत्र. हातात मावणारा तो कॉर्डलेस, आणि बेसिनशेजारी ठेवायचा, मोठी टाकी नि नळी असलेला तो काउंटरटॉप. दोन्हींच्या जाहिराती दाबाच्या आकड्यांवर भांडतात. कोकणातल्या घरात मात्र निवड ठरते बेसिनच्या जागेवरून.

आधी बेसिनपाशी जाऊन उभे राहा. जुन्या घरांत बेसिन मागच्या पडवीत असतं. जवळ ना प्लग, ना काही ठेवायला कट्टा. काउंटरटॉपला दोन्ही लागतं, कारण तो थेट विजेवर चालतो. आडवा पाऊस जिथे आत येतो तिथे एक्स्टेंशन बोर्ड ओढून यंत्र चालवायचा विचारही करू नका. अशा घरात पुढचं वाचायची फारशी गरज नाही, कॉर्डलेस घ्या.

बेसिन घरात असेल तर तोंडं मोजा. कॉर्डलेसमध्ये साधारण 150 ते 300 मिली पाणी मावतं आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात संपतं. काउंटरटॉपच्या टाकीत 600 मिलीच्या आसपास मावतं, म्हणजे एका दमात सगळं तोंड होतं. ज्याच्या दातांना तारा लावल्यात, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) किंवा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला खोटा दात) आहे, त्याला एकेका दातापाशी थांबावं लागतं. मधेच टाकी भरायचा कंटाळा आला की यंत्र कपाटात गेलंच म्हणून समजा. घरातल्या चौघांना वापरायचं असेल तरी काउंटरटॉपच बरा. प्रत्येकाने आपली नोझल, म्हणजे धार सोडणारं टोक, वेगळी ठेवायची. बोटं आखडलेल्या आजीलाही त्याची हलकी दांडी धरणं सोपं जातं, भरलेला कॉर्डलेस हाताला जड लागतो.

मग लाइटचा विचार करा. पावसाळ्यात लाइट गेली की काउंटरटॉप गप्प. कॉर्डलेस एकदा चार्ज केला की बरेच दिवस चालतो, पण त्याचं दुखणं वेगळं: खारी, दमट हवा. खोक्यावरचं ‘आयपीएक्स7’ म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं टिकण्याची चाचणी, तीही गोड्या पाण्यातली. चार्जिंगची जागा पुसून, पूर्ण कोरडी करूनच वायर लावा आणि रबरी झाकण घट्ट बसवा. नुसतं स्टँडवर ठेवून चार्ज होणारं मॉडेल मिळालं तर अधिक चांगलं. बॅटरी बहुतेकांत बदलता येत नाही, हे किंमत बघताना ध्यानात असू द्या.

अमेरिकेतल्या भाच्याने भेट म्हणून काउंटरटॉप आणला असेल तर लावण्याआधी त्यावरचं लेबल वाचा. तिकडची वीज 120 व्होल्ट, आपली 230. थेट लावलात तर यंत्र जळेल. कॉर्डलेस आणला असेल आणि त्याच्या चार्जरवर 100–240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो इथे चालतो.

घेण्याआधी दुकानदाराला विचारा: सुट्या नोझल मिळतात का, आणि बिघडल्यावर यंत्र कुठे पाठवायचं? नोझल काही महिन्यांनी बदलावी लागते. ती मिळत नसेल तर स्वस्तातलं यंत्रही महाग पडतं.

वापरताना पाणी स्वच्छ आणि कोमट घ्या. वैशाखात खाडीजवळच्या विहिरी मचूळ होतात, पावसात पाणी गढूळ येतं. तेव्हा पिण्याचंच पाणी भरा. सर्वांत कमी दाबापासून सुरुवात करा. नोझल आधी तोंडात, बटण नंतर, नाहीतर आरसा धुऊन निघतो. बेसिनवर वाका, ओठ अर्धवट मिटा म्हणजे पाणी आपोआप खाली पडेल. मागच्या दाढांपासून निघा, धार हिरडीच्या कडेला काटकोनात धरा, प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबा. झाल्यावर टाकी रिकामी करून उघडी ठेवा, नाहीतर आतून बुळबुळीत होते. पाण्यात मीठ घालायचा मोह होतो, पण माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच घाला.

ब्रश मात्र चुकवायचा नाही, कारण दातांच्या पृष्ठभागावरचा चिकट थर नुसत्या धारेने पुरता निघत नाही. पहिल्या काही दिवसांत हिरडीतून थोडं रक्त दिसू शकतं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर दाब कमी-जास्त करत बसू नका, दाताच्या डॉक्टरकडे जा.