स्नायूंना योग्य संदेश कसा द्यावा

दुपारच्या शीत-कढीनंतर लगेच आडवे होण्याची आपली गोव्यातील सवय मोडणे कठीण आहे. तरीही निजण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे, उन्हात नव्हे तर घराच्या सोप्यात, चालावे. चालताना स्नायू आकुंचन पावतो, पेशीतील ऊर्जा खर्ची पडते, एएमपीके हे विकर सक्रिय होते आणि ग्लूट-४ ही ग्लुकोजवाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येऊन रक्तातील साखर आत घेतात. हे काम इन्सुलिनवाचूनही होत असल्यामुळे, इन्सुलिनला पुरेशी दाद न देणाऱ्या शरीरातही ही वाट बरीचशी खुली राहते. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र साखर फार उतरू नये म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे.

स्नायूंच्या वाढीसाठी केवळ चालणे पुरत नाही. त्यासाठी भार लागतो.

आठवड्यातून किमान २ दिवस खुर्चीवरून हातांच्या आधाराशिवाय उठणे-बसणे, भिंतीला रेटा देणे किंवा वजन उचलणे असे व्यायाम, शेवटच्या एक-दोन आवृत्त्या जड वाटतील इतके, करावेत. या ताणामुळे एमटॉर हा संदेशमार्ग सक्रिय होतो आणि प्रथिननिर्मितीचा वाढलेला वेग साधारण २४ ते ४८ तास टिकतो. आहारातील ल्युसिन हे अमिनो आम्ल त्याच मार्गाला चालना देते. म्हणून प्रत्येक जेवणात बांगडा, अंडी, किंवा सोमवारी मासे वर्ज्य असल्यास अळसांद्यांची उसळ आणि दही असावे. नुसत्या भातावर हा संदेश क्षीणच राहतो.