रिमोट डेस्कटॉप अडकतोय? नेट वाढवण्याआधी या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा फोन. "अहो, शंभरचं नेट घेतलं, तरी रिमोट रडतंयच की!"

डिझाईनचं सॉफ्टवेअर कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर, डिझायनर जुळे सोलापुरात आपल्या घरी. कारखान्याचा कॉम्प्युटर तो घरच्या लॅपटॉपवरून चालवतो, म्हणजेच रिमोट डेस्कटॉप. दोघं गावातल्या गावात, तरी माऊस हलवला की बाण दोन सेकंदांनी हलतो. चित्र आधी धुरकट, मग लख्ख, मग थिजलेलं. त्यावर मालकांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "मग त्याच नेटवर यूट्यूब कसं चालतं?"

प्रश्न रास्त आहे. यूट्यूब पुढची काही सेकंदं आधीच उतरवून ठेवतं. त्याच व्हिडिओचे छोटे तुकडे कमी-जास्त दर्जात सर्व्हरवर तयार असतात. नेट बसलं की पुढचा तुकडा हलका मागवायचा, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. रिमोट डेस्कटॉपला ही चैन नाही. तुम्ही आत्ता क्लिक केलंत तर त्याचं चित्र आत्ता हवं. पाच सेकंदांचा साठा करायचा म्हणजे प्रत्येक क्लिक पाच सेकंद उशिरा दिसणार.

शिवाय हे चित्र जागेवर, त्या क्षणी दाबून लहान करावं लागतं. १९२० बाय १०८० चा पडदा सेकंदाला ३० वेळा न दाबता पाठवायचा म्हटलं तर जवळपास दीड गिगाबिट प्रति सेकंद लागतील. ते चार-पाच मेगाबिटमध्ये बसवताना सॉफ्टवेअरच्या हातात मोजकेच कान असतात पिळायला: बिटरेट (सेकंदाला किती डेटा), सेकंदाला किती फ्रेम, रिझोल्यूशन आणि रंगाची बारकाई. 'ऑटो' म्हणजे नेट कसं वागतंय ते बघत हे कान सतत पिळत राहणं. आपण बहुतेक चुका करतो त्या या ऑटोच्या कामात लुडबुड करून, नाहीतर त्याला खोटी माहिती पुरवून.

स्पीड टेस्ट भलत्याच टोकाला

डिझायनर घरी स्पीड टेस्ट लावतो, शंभर दिसतात, खूश. पण चित्र कारखान्यातून निघतं. म्हणजे बघायचा तो कारखान्याचा अपलोड. बऱ्याच स्वस्त प्लॅनमध्ये डाऊनलोडचा आकडा जाहिरातीत मोठा आणि अपलोड त्याच्या कितीतरी कमी असतो. मालकांच्या त्या शंभरातला अपलोड पाच निघाला.

पण पाच मेगाबिटसुद्धा एका डिझायनरला पुरतात. म्हणून मी कारखान्यात जाऊन बसलो आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून बाहेरच्या एका पत्त्याला पिंग (संदेश जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी चाचणी) सतत चालू ठेवलं. सकाळी आकडे एक अंकी, कधी दहा-बारा. अकराच्या सुमारास हिशेबनिसांनी कॉम्प्युटर चालू केला आणि पिंग चढायला लागलं. दोनशे, सहाशे, हजाराच्या वर. त्यांच्या मशीनवर क्लाऊड बॅकअप होता, चालू झाल्याबरोबर काल दिवसभराच्या फायली वर ढकलायचा. चहा संपेपर्यंत पिंग पुन्हा जागेवर, कारण बॅकअप संपला.

इथे नेमकं काय घडतं ते समजून घ्या. राउटरकडे किंवा त्याच्या पुढच्या मोडेमकडे डेटा थोपवून ठेवायला जागा असते. समजा ती एक मेगाबाईट आहे. म्हणजे आठ मेगाबिट. अपलोड पाचचा असेल तर ती रांग रिकामी व्हायला १.६ सेकंद लागतात. बॅकअपने रांग भरून टाकली की डिझायनरचं चित्र रांगेच्या शेपटाला उभं राहतं आणि दीड सेकंदाने निघतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या तिकिटाला लागलेली रांग डोळ्यांसमोर आणा. मागे उभ्या राहिलेल्याच्या खिशात किती पैसे आहेत याला तिथे किंमत नाही. या प्रकाराला 'बफरब्लोट' म्हणतात.

यात ऑटो फसतो तो असा. काही सॉफ्टवेअर फक्त हरवलेली पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) मोजतात. राउटर तर सगळंच साठवून ठेवतोय, काहीच हरवत नाही. मग सॉफ्टवेअरला वाटतं रस्ता मोकळा आहे, आणि ते आणखी ओतत राहतं. वेबआरटीसीवर (ब्राउझरमधून थेट चित्र-आवाज पाठवायचं तंत्र) चालणारी साधनं, उदाहरणार्थ क्रोम रिमोट डेस्कटॉप, उशीर वाढू लागला की पाकीट हरवायच्या आधीच हात आखडतात. पण रांग दुसऱ्याच कुणी भरली असेल तर तीही काय करणार? बिचारी चित्र धुरकट करत जातात आणि जागा बॅकअपच खातो.

उपाय प्लॅन वाढवणं नाही. बॅकअप रात्रीवर टाका, किंवा त्याच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा घाला. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाऊडवर जात असेल तर तेही तपासा, तो दिवसभर गुपचूप खाणारा पाहुणा. राउटरमध्ये 'एसक्यूएम', म्हणजे रांग सांभाळायची सोय, असेल (ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ते मिळतं) तर त्यात अपलोडचा आकडा खऱ्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी भरा. मग रांग पुढच्या मोडेममध्ये न लागता तुमच्याच राउटरमध्ये लागते आणि तो ती न्यायाने सोडतो. वेग थोडा सोडून द्यायला माणसं तयार होत नाहीत, हे मला माहीत आहे. एकदा करून बघा.

दर्जा 'बेस्ट'वर ठोकून ठेवणं

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये 'एक्सपीरियन्स' नावाचा टॅब आहे. तिथे मोडेमपासून लॅनपर्यंतची यादी असते. हौशी माणूस 'लॅन' निवडतो, त्याला वाटतं याने वेग वाढेल. वेग वाढत नाही. आपण फक्त सॉफ्टवेअरला सांगतो की रस्ता रुंद आहे, वॉलपेपर, अ‍ॅनिमेशन सगळं पाठव.

आपल्याकडे हे जास्त नडतं. लाईट गेली की घरचा राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण गल्लीतल्या खांबावर विजेवर चालणारा फायबरचा डबा असेल तर तो बंद पडतो. मग डिझायनर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जातो. सेटिंग मात्र फायबरच्या दिवसाचं. तिथे 'डिटेक्ट कनेक्शन क्वालिटी ऑटोमॅटिकली' असू द्या, आणि लाईन बदलली की एकदा डिस्कनेक्ट करून नव्याने जोडा. एनीडेस्क या दुसऱ्या रिमोट सॉफ्टवेअरमध्येही दर्जा, समतोल आणि झटपट प्रतिसाद असे पर्याय असतात. हॉटस्पॉटवर असाल तर तिसरा घ्या, उगाच शान नको.

कमी करायचं एक, केलं भलतंच

चित्र अडकलं की पहिला हात रिझोल्यूशनवर जातो. टॅलीत काम करणाऱ्याने हे अजिबात करू नये. अक्षरं फाटतात, ३ आणि ८ एकसारखे दिसायला लागतात आणि चूक थेट बिलात उतरते. अक्षरांच्या कामाला सेकंदाला दहा फ्रेमही पुष्कळ. तिथे फ्रेम कमी करा, बारकाई ठेवा. हलतं चित्र बघायचं असेल तर उलट: बारकाई थोडी गेली तरी डोळा माफ करतो, पण झटके माफ करत नाही.

दोन मॉनिटर पूर्ण पडद्यावर पसरवून वर 'स्लो आहे' म्हणणाऱ्यांनी आधी एक बंद करून बघावा.

रंग बिघडला म्हणून नेटला शिव्या

ही चूक बाकी गावांत फारशी ऐकू येणार नाही, सोलापुरात हमखास येते. जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाईनमध्ये एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचा एक छेद. काठावर लाल रंगाची एकाच चौकोनाची रेघ, शेजारी गडद निळं. कारखान्यातल्या मॉनिटरवर रेघ लालच दिसते. घरच्या लॅपटॉपवर ती मातकट जांभळी, आणि कडेला सांडल्यासारखी. डिझायनरने नेटला दोष दिला, नेटवाल्याने लॅपटॉपला.

दोघंही निर्दोष. व्हिडिओ दाबताना बहुतेक वेळा ४:२:० नावाची पद्धत वापरतात. उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा वेगळा पाठवायचा, पण रंग मात्र दोन बाय दोनच्या चार पिक्सेलना मिळून एकच. माणसाच्या डोळ्याला रंगाची बारकाई कमी कळते, त्यामुळे माणसांचे चेहरे, झाडं, क्रिकेट यांत हे खपून जातं. एका पिक्सेलची लाल रेघ मात्र शेजारच्या निळ्याबरोबर सरासरीत वाटून जाते. रंगीत अक्षरं धुरकट दिसण्याचं कारणही हेच. नेट कितीही वेगवान घ्या, रेघ परत लाल होणार नाही.

विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ च्या पिढीपासून आरडीपीला, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला, ४:४:४ ची सोय आहे: प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा. कारखान्यातल्या मशीनवर ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सेटिंगमध्ये, रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये 'एव्हीसी ४४४'ला प्राधान्य देण्याचा पर्याय सापडेल. यात डेटा जास्त जातो, म्हणून अपलोडची रांग आधी सुधारा, मग याला हात लावा. ते जमत नसेल तर साधी युक्ती: डिझाईन ४०० टक्के मोठं करून बघा. एक चौकोन पडद्यावर चार बाय चार पिक्सेल व्यापायला लागला की रंग टिकतो.

आणि शेड जुळवायचं काम रिमोटवर करूच नका. फाईल मागवा, नाहीतर सरळ धागा हातात घेऊन उजेडात बघा.

यूडीपीचा रस्ता बंद

टीसीपी आणि यूडीपी या नेटवरून डेटा पाठवायच्या दोन पद्धती. विंडोज ८ च्या काळापासून आरडीपी टीसीपीबरोबर यूडीपीनेही चालतो. टीसीपीत एक पाकीट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. चित्राच्या बाबतीत हे घातक, कारण जुनी फ्रेम येईपर्यंत तिची गरज संपलेली असते. पूर्ण पडद्यावर असताना वरच्या निळ्या पट्टीतल्या सिग्नलच्या खुणेवर क्लिक करा. यूडीपी चालू असेल तर तिथे तसं लिहून येतं. नसेल तर फायरवॉल बघा.

पण म्हणून राउटरमध्ये ३३८९ पोर्ट, म्हणजे आरडीपीचा दरवाजा, जगाला उघडून बसू नका. ती कारखान्याची किल्ली दाराला अडकवून जाण्यातली गत. व्हीपीएन (नेटवरचा खासगी, कुलूपबंद रस्ता) लावा, तोही यूडीपीवर चालणारा. वायरगार्ड यूडीपीवरच चालतो. ओपनव्हीपीएन टीसीपीवर लावला असेल तर आतला टीसीपी आणि बाहेरचा टीसीपी दोघंही हरवलेलं पाकीट पुन्हा मागत बसतात आणि एका झटक्याचे चार होतात.

किरकोळ, पण रोजचं

रिमोटच्या आत मीटिंग किंवा यूट्यूब लावू नका. तो व्हिडिओ आधी कारखान्यात येतो, उलगडतो, पुन्हा दाबला जातो आणि मग तुमच्याकडे येतो. मीटिंग आपल्या लॅपटॉपवर घ्या. कारखान्याचा कॉम्प्युटर वाय-फायवर असेल तर कंटाळा न करता केबल ओढा. लोखंडी माग आणि पत्र्याचं छत यांच्यामधून सिग्नल नीट जाईल ही आशा सोडा.

दोष कुठे आहे हे शोधायला तीन पिंग पुरतात, आणि ती काम चालू असतानाच लावायची. घरून घरच्या राउटरला: इथेच आकडे नाचत असतील तर वाय-फाय. मग घरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला: इथे नाचले तर घरची लाईन. मग व्हीपीएनमधून कारखान्याच्या कॉम्प्युटरला: फक्त इथे नाचले तर कारखान्याचा अपलोड. डिझायनर पुण्यात बसला आणि अंतर अडीचशे किलोमीटर धरलं तरी फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन दोन-तीन मिलिसेकंद लागतात, तेव्हा अंतराचं कारण कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

तिन्ही आकडे शांत आहेत आणि तरी चित्र अडकतंय? मग कारखान्याच्या कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजर उघडा. त्या मालकांकडे मे महिन्यात हेच झालं. बाहेर बेचाळीस अंश, शेडमध्ये कापसाचा धुरळा, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि तापून स्वतःच मंदावलेला. त्याला फ्रेम दाबायलाच वेळ मिळत नव्हता. डबा उघडला तर पंख्यावर टॉवेलच्या रुंव्याची गादी बसली होती. ब्लोअर मारला, कॉम्प्युटर शेडमधून ऑफिसच्या खोलीत हलवला. शंभरचा प्लॅन अजून तोच आहे.