शेवळासोबत काकडही न्या: निसर्गशिक्षणात नव्याने येणाऱ्यांसाठी

निसर्गवाटेचे फलक असोत, शाळेचे शिबिर असो किंवा महापालिकेच्या उद्यानातली रविवारची फेरी असो, निसर्गशिक्षणात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आता एक अपेक्षा आवर्जून सांगितली जाते: कार्यक्रमात आदिवासींचे पारंपरिक ज्ञानही आले पाहिजे. अपेक्षा रास्त आहे, परंतु हे ज्ञान आणि विज्ञान एकाच फलकावर शेजारी शेजारी कसे मांडायचे, हे पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासक्रमात सहसा शिकवले जात नाही. मी ठाणे-पालघर पट्ट्यात हे काम करते आणि अनेक वर्षांनंतरही प्रत्येक नवा फलक लिहिताना मला तितकेच झगडावे लागते. देवराया (देवाच्या नावाने राखलेली राने) म्हणजे काय, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात त्यांचा अभ्यास कसा केला, हे तुम्ही वाचलेले असेल असे गृहीत धरते आणि ज्या एका सापळ्यात या क्षेत्रातले बहुतेक जण अडकतात, त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

ज्ञानातली माहिती उचलायची आणि तिच्या अटी मागे सोडायच्या, हा तो सापळा. शेवळाचे उदाहरण घ्या. पहिल्या पावसाच्या आगेमागे बदलापूर, कर्जत, पालघरच्या बाजारात आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. ही सुरणाच्या जवळच्या नात्यातली रानवनस्पती आहे आणि आपण भाजी करतो तो तिचा फुलोरा असतो. रानभाज्यांच्या प्रदर्शनांत तिच्यापुढे ‘पौष्टिक, पारंपरिक रानभाजी’ एवढीच पाटी लावलेली मी पाहिली आहे. ती पाटी वाचून कोणी जुडी घरी नेली आणि पालेभाजीसारखी परतून खाल्ली, तर घसा असा खाजतो की पुन्हा रानभाजीचे नाव काढायचे नाही. पाड्यावर ही भाजी शिकवताना आधी सांगतात ते साफ करण्याबद्दल: दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा. मग शिजवताना काकड या रानझाडाची आंबट फळे घालायची. काकड नसेल तर चिंच चालते, पण आंबट काही न घालता शेवळे चुलीवर चढत नाही. वनस्पतिशास्त्र इथे उत्तम साथ देते, कारण सुरणाच्या नात्यातल्या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि खाज येते ती त्यांच्यामुळे. काकड आणि स्फटिक शेजारी शेजारी ठेवले की मुलांचे डोळे चमकतात. एका ज्ञानाने उपाय शोधलेला असतो, दुसरे कारण दाखवते, आणि कोणालाही कमीपणा येत नाही.

पण अटी इथे संपत नाहीत आणि नवखा माणूस नेमका इथेच थांबतो. ज्या आजींनी मला शेवळे साफ करायला शिकवले, त्या एका जागचे सगळे फुलोरे कधीच खुडत नसत. थोडे सोडून पुढे जायचे, हा त्यांच्या घरचा नियम होता. या वनस्पतीचा फुलोरा आधी येतो आणि पान नंतर, पावसात उगवते. ते पान जमिनीतल्या कंदाला पोसते. त्यामुळे फुलोरा खुडला तरी कंद जगतो, परंतु त्या वर्षी त्या झाडाला फळ आणि बी धरत नाही. शहरातली मागणी वाढली आणि एकाच जागेवरचे सगळे फुलोरे वर्षानुवर्षे खुडले गेले, तर नवी रोपे येणार कुठून? शेवळाचा फलक लिहिताना साफ करण्याची रीत, काकड आणि सोडून देण्याचा नियम या तीन गोष्टी बसत नसतील, तर तो फलक लावूच नका. मला हे फार कठोरपणे सांगावे लागते, कारण फलकाला शब्दमर्यादा असते आणि संपादनात कात्री नेहमी अटींवरच चालते. ‘पौष्टिक’ हा शब्द कोणी कापत नाही.

विज्ञानालाही अशाच अटी असतात, हे मात्र लक्षात घ्या. बिबट्यांबद्दल बोलताना ‘पकडून दूरच्या जंगलात सोडले की प्रश्न मिटतो’ हे अनेक वर्षे शास्त्रीय उपाय म्हणून सांगितले जात होते. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसराचा अभ्यास केला, तेव्हा उलटे चित्र दिसले: बिबटे मोठ्या प्रमाणावर हलवले गेले त्या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले होते. वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाला पूजणारे, वाघबारस हा त्याचा सण पाळणारे वारली आणि महादेव कोळी बिबट्याला त्या भूमीचा रहिवासी मानतात. ही दोन्ही सूत्रे एकत्र सांगितली तर शहरी श्रोत्याला विचार करायला पुष्कळ मिळते. तरीही ‘आदिवासी वाघोबाला पुजतात म्हणून तिथे संघर्षच नाही’ असे गोड वाक्य बोलू नका. शेळी गेली की त्या घराचे नुकसान खरेच होते, आणि वाघोबाला नवस बोलला जातो तोही धोका ठाऊक असतो म्हणूनच.

‘विज्ञानानेही हे सिद्ध केले आहे’ हे वाक्य मी माझ्या फेऱ्यांतून काढून टाकले आहे. त्या वाक्याने विज्ञान न्यायाधीश होते आणि आजी साक्षीदार. त्याऐवजी दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: हे तुम्हाला कशावरून कळले? उत्तरे जुळली नाहीत तर तसे उघड सांगावे.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. साप चावला की दवाखाना आणि प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचे औषध), दुसरे काहीही नाही. परंपरेचा मान राखण्यासाठी ही ओळ सौम्य करू नका. आणि दोन्ही ज्ञाने हातात हात घालून चालल्याचे सर्वांत सुंदर उदाहरणही इथेच आहे. तामिळनाडूत इरुला समाजाच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था 1978 पासून चालू आहे. माग काढून साप शोधण्याची त्यांची विद्या, ठरावीक वेळा विष काढून साप पुन्हा रानात सोडण्याची पद्धत, आणि त्या विषापासून प्रयोगशाळेत बनणारे प्रतिसर्पविष अशी ती साखळी आहे. मासी सदैयान आणि वडिवेल गोपाल या दोन इरुला सर्पमित्रांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांना हे जरूर सांगा.

झटपट वाटांबद्दल माझे मत पक्के आहे. एका दिवसाची कार्यशाळा आणि छापील प्रश्नावली यांतून नावांची यादी मिळते, ज्ञान मिळत नाही. जैवविविधता कायदा 2002 चा, पण त्याखालच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांचे, म्हणजे गावातले जीव आणि त्यांबद्दलचे ज्ञान नोंदवण्याचे काम बरीच वर्षे रेंगाळले आणि जानेवारी 2020 ची मुदत गाठण्यासाठी देशभर त्या घाईने भरल्या गेल्या. तुमच्या गावची नोंदवही मिळाली तर वाचा, पण तिच्यावर विसंबू नका. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाचे अभ्यासगट अधिक शिकवतात: बाहेरचा जाणकार गावकऱ्यांसोबत बसतो, चर्चा होते, आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क (गावाचा आपल्या जंगलावरचा कायदेशीर हक्क) मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते गाव होते. म्हणून औषधी वनस्पतीची जागा किंवा तयार करण्याची कृती फलकावर टाकण्यापूर्वी गावाला विचारा, आणि नकार आला तर तो विषय सोडून द्या.

गुरू शोधत असाल तर एकच मोठे नाव शोधू नका. एक वनस्पती ओळखणारा शिक्षक आणि पाड्यावरची एक जाणती बाई, दोघेही हवेत. त्या बाईंना फेरीत बोलावले तर तज्ज्ञाइतकेच मानधन द्या, आणि फलकावर नाव घालायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. पहिल्या वर्षी तुमच्या हातून एकही फलक तयार झाला नाही तरी घाबरू नका. मे अखेरीपासून दिवाळीपर्यंत एकाच पाड्यावर वरचेवर जात राहा, वहीत प्रत्येक गोष्टीपुढे कोणी सांगितले, कोणत्या ऋतूत, कोणत्या अटीवर, हे लिहून ठेवा. निधी देणारे अहवाल मागतील तेव्हा हीच वही पुढे करा. माझा अनुभव असा की ती वाचल्यावर बहुतेक जण मुदत वाढवून देतात.