कोळशाऐवजी गॅस: हिशेब स्वतः मांडून पाहा

गॅसच्या कॉम्प्रेसर स्टेशनांवर, म्हणजे वाहिनीतला गॅस दाबून पुढे ढकलणाऱ्या केंद्रांवर, गळती शोधणं हे माझं काम. त्यामुळे ‘कोळसा सोडून गॅसवर गेलो तर हवामानाचं खरंच भलं होईल का?’ असं लोक मला सारखं विचारतात. मी हो किंवा नाही म्हणत नाही, वही उघडायला सांगते. आकडेमोड शाळेतल्या गुणाकाराचीच आहे.

पानावर मधोमध रेघ मारा. एकीकडे गॅस, दुसरीकडे कोळसा. आधी चिमणीचा हिशेब. एक युनिट वीज म्हणजे ३.६ मेगाज्यूल. कंबाइंड सायकल संयंत्रात गॅस टर्बाइनमधून निघणाऱ्या तापलेल्या वायूंवर वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवतात, म्हणून कार्यक्षमता ६० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे एका युनिटला ६ मेगाज्यूलचा गॅस लागला. दर मेगाज्यूलला साधारण ५६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, एकूण ३३६ ग्रॅम. कोळशाचं जुनं संयंत्र ३६ टक्क्यांचं धरा: १० मेगाज्यूल, दर मेगाज्यूलला ९५ ग्रॅम, एकूण ९५०. गॅस जवळजवळ एक तृतीयांशावर आला. मात्र गॅसचं संयंत्र ओपन सायकल असेल, म्हणजे वाफेचा टप्पाच नसेल, तर कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास राहते आणि आकडा ५०४ वर जातो. त्यामुळे संयंत्र कोणत्या प्रकारचं, हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्या.

बहुतेक जण इथेच वही मिटतात, आणि खरं पाणी पुढेच मुरतं. गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो न जळता निसटला तर फार महागात पडतो. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक शास्त्रीय समितीच्या, सहाव्या अहवालानुसार खनिज मिथेनचा तापवण्याचा प्रभाव २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८२.५ पट आहे, १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे ३० पट. किलोभर मिथेनमध्ये ५० मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणून ६ मेगाज्यूलला १२० ग्रॅम मिथेन लागला. त्यातला एक टक्का गळला तर १.२ ग्रॅम; त्याला ८२.५ ने गुणा. उत्तर ९९ येतं. म्हणून मी मनाशी एवढंच धरून ठेवते: कंबाइंड सायकलला दर टक्का गळतीमागे युनिटला १०० ग्रॅम. तीन टक्के गळती असेल तर ३३६ चे ६३६ होतात. ओपन सायकलला तीच तीन टक्के गळती लावली तर बेरीज ९५० च्या घरात, म्हणजे थेट कोळशाच्या चिमणीशी बरोबरी. कोळशाच्या खाणीतूनही मिथेन निघतो, तो त्या बाजूला जरूर लिहा; माप दोन्हीकडे एकच हवं.

आता गळतीचा आकडा आणायचा कुठून? एका स्टेशनच्या अहवालात तो कोष्टकावरून काढला होता: व्हॉल्व्ह इतके, फ्लँज (नळ्यांचे बोल्टने आवळलेले जोड) इतके, प्रत्येकाला ठरावीक गुणांक, म्हणजे गळतीचा सरासरी अंदाज. मी इन्फ्रारेड कॅमेरा लावून फिरले. एका व्हॉल्व्हच्या ग्लँडपाशी, म्हणजे त्याचा दांडा बाहेर येतो तिथल्या सीलपाशी, राखाडी धाग्यासारखं काहीतरी वळवळत होतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं आणि वासही नव्हता, कारण मोठ्या वाहिन्यांतल्या गॅसमध्ये बऱ्याचदा वासाचं रसायन मिसळलेलं नसतं. साबणाचं पाणी लावलं तर बारीक फेस आला. पण खरा घोळ होता कंडेन्सेटच्या, म्हणजे गॅसमधून वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या, टाकीवर. झाकणाचं गॅस्केट कडक पडून चिरलं होतं आणि तिथून गॅसचा लोटच्या लोट बाहेर येत होता. बाकी सगळ्या जोडांची गळती एकत्र केली तरी त्या एका झाकणाच्या पासंगाला पुरली नसती. कोष्टकात त्या झाकणाला चारचौघांसारखा गुणांक होता! म्हणून अहवाल हातात आला की विचारा: मोजलंय की गुणांकानं काढलंय? कधी मोजलं? टाक्या आणि भूमिगत साठे त्यात धरलेत का? कॅलिफोर्नियात अलिसो कॅन्यनच्या साठ्याची एकच विहीर ऑक्टोबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ गळत राहिली आणि सुमारे ९७,००० टन मिथेन हवेत गेला.

गॅस जहाजानं येणार असेल तर आणखी एक ओळ वाढवा. त्याला उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून सहाशेपट आक्रसवतात, आणि त्या कामातच गॅसचा जवळपास दहावा हिस्सा खर्ची पडतो.

मग तासांचा रकाना, माझ्या मते सगळ्यात मोलाचा. सूर्य मावळल्यावर मागणी झपाट्यानं चढते, तेव्हा ओपन सायकल टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण भार घेतं. थंड पडलेल्या कोळशाच्या बॉयलरला कित्येक तास लागतात. अशा कामासाठी वर्षाकाठी ३०० तास चालणारं ५०४ ग्रॅमचं संयंत्र, ७,००० तास चालणाऱ्या ३३६ ग्रॅमच्या संयंत्रापेक्षा कितीतरी कमी बोजा टाकतं. ग्रॅमला तासांनी गुणा, दिसेलच. संयंत्र पाच, दहा, पंधरा वर्षांनी किती तास चालवणार, हे लेखी मागा. गॅसला स्वच्छ ऊर्जेकडे नेणारा ‘पूल’ म्हणतात; पण तास उतरत नसतील तर तो पूल नव्हे, मुक्काम आहे.

‘पुढे हायड्रोजन मिसळू’ असं कोणी म्हणालं तर: आकारमानानं २० टक्के हायड्रोजन मिसळला तरी कार्बन डायऑक्साइड जेमतेम ७ टक्के घटतो, कारण तेवढ्याच जागेत हायड्रोजनची ऊर्जा मिथेनच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असते.

आणि खरेदीचा करार मागवून घ्या. त्यात ‘गॅस उचला नाहीतर पैसे भरा’ असं कलम असतं का आणि ते किती वर्षांचं, ते बघा. कलम वीस वर्षांचं निघालं, तर तासांच्या रकान्यात लिहून दिलेले उतरते आकडे खोडून पुन्हा मांडायला लावा.