सेलेरॉन ३००ए: ३००चे ४५० मेगाहर्ट्झ करताना

ऑगस्ट १९९८मध्ये आलेल्या इंटेलच्या या स्लॉट-१ (बोर्डावरच्या खाचेत कार्डासारखा बसणाऱ्या) प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या वेगाला गुणणारा आकडा, ४.५वर लॉक आहे. त्यामुळे वेग वाढवायचा तो बसचाच, म्हणजे प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाचा: ६६ (नेमकं ६६.६७) × ४.५ म्हणजे ३००, १०० × ४.५ म्हणजे ४५०.

मधल्या ७५ किंवा ८३वर मात्र थांबू नका. ८३ला पीसीआय बस (हार्ड डिस्क आणि जोडकार्डांचा मार्ग) ३३ऐवजी ४१.५ मेगाहर्ट्झवर धावते आणि हार्ड डिस्कवरचा डेटा खराब होऊ लागतो, तेही लगेच लक्षात येत नाही. १००वर बोर्डावरचा बीएक्स चिपसेट (या मार्गांचे वेग सांभाळणाऱ्या चिप) पीसीआयला बरोबर ३३ आणि एजीपीला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या मार्गाला, ६६ देतो. म्हणून मोठी उडीच जास्त सुरक्षित. त्यासाठी ४४०बीएक्स बोर्ड आणि पीसी-१०० (१०० मेगाहर्ट्झची) रॅम हवीच.

अबिट बीएच-६ बोर्डावर बस बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बदलते, असूस पी२बीवर जंपरने. बस आपोआप ठरवणाऱ्या बोर्डावर प्रोसेसर कार्डाच्या बी२१ या संपर्कपट्टीवर बारीक चिकटपट्टी लावतात. ६६चा इशारा तुटला की बोर्ड १०० धरतो. शेजारची पट्टी झाकली जाणार नाही हे भिंगातून बघा.

आधी थंडाव्याचं बघा. ३००ला साधारण १९ वॅट उष्णता निघते, ४५०ला सुमारे २९. व्होल्टेज २.०वरून २.२ केलं तर जवळजवळ ३५, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. इतक्या वर्षांत हीटसिंकखालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मसुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावा. मशीन बंद असताना पंखा बोटाने फिरवा. तो लगेच थबकला किंवा खरखरला तर त्याच मापाचा १२ व्होल्टचा नवा बसवा. नागपूरच्या मे महिन्यात तर केसमधून हवा बाहेर ओढणारा वेगळा पंखा हवाच. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, तर ते बदलेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता २.० व्होल्टवरच १०० लावा, रॅमची कॅस (उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेची सेटिंग) ३ ठेवा. फ्लॉपीवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा, मग विंडोजमध्ये प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं प्राइम९५.

स्क्रीनच आली नाही, तर सीएमओएस क्लिअर करून (बायोसच्या सेटिंग पुसून) दुसरी रॅम लावून बघा. सुरू होतं पण काम वाढलं की लगेच अडकतं, तर २.०५, मग २.१ व्होल्ट द्या, २.२च्या वर जाऊ नका. वीसेक मिनिटांनी अडकत असेल, तर दोष बहुधा उष्णतेचा, तिथे व्होल्टेज वाढवून आणखी बिघडतं. तरीही जमलं नाही, तर बायोसमध्ये एल-२ कॅश (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) बंद करून बघा. मशीन स्थिर झालं, तर त्या चिपची १२८ केबी कॅश ४५०च्या वेगाला टिकत नाही. पंखे कितीही लावले तरी फरक पडणार नाही. दुसरा ३००ए शोधा.